सातबाऱ्यावर माझंही नाव आहे

दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे. फोनवर तेच तेच बोलून कंटाळा आला, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. नात्यातली बरीच मंडळी इथे वाचतात (काही जण वाचून न वाचल्यासारखं करतात, तेही मला ठाऊक आहे!), तेव्हा प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी हे आमचं घरगुती भांडण समजून सोडून दिलं तरी चालेल. पण मला वाटतं, हे भांडण आजकाल बऱ्याच घरांत चालू आहे.

तर विषय असा. माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, सुरतेतलं काम सोडून गावी शेती करायची म्हणतोय. वय वर्षं सत्तावीस. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमचं साडेपाच एकर वावर आहे. त्यातलं दीड एकर नदीलगतचं, चांगलं. बाकीचं माळाकडचं, पाऊस झाला तर पिकलं, नाही तर नाही. आप्पा, म्हणजे आमचे थोरले भाऊ, आजवर ते कसत आले. आता त्यांची सत्तरी जवळ आली, गुडघे धरतात, आणि दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत. त्यातच सुरत-नागपूर हायवे रुंद झाल्यापासून आमच्याकडे जमिनीला भलतेच भाव आलेत. दोन दलाल घरी चहा पिऊन गेले. धाकट्या भावाला वाटतं, विकून टाकावं, तीन वाटे करावेत, आणि आपल्या वाट्यात सुरतेला मुलासाठी एक खोली घ्यावी. आणि ज्याच्यासाठी खोली घ्यायची तोच म्हणतो, खोली नको, वावर द्या.

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. दोन भावांची आणि माझं. वडील गेले तेव्हा वारस लावताना 'बहिणीचं हक्कसोड करून घ्या' असं सांगणारे पुष्कळ होते. आप्पाच म्हणाले, राहू द्या तिचं नाव, ती काय जमीन उचलून जळगावला नेणार आहे? २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला हे खरं, पण तो हक्क घेतल्यावरही माहेरी पूर्वीसारखंच पुरणपोळीचं आमंत्रण येतं अशा बहिणी तुमच्या ओळखीत किती आहेत, ते मोजून पाहा. माझं नाव राहिलं ते आप्पांमुळे. त्यामुळे विक्रीला माझी सही लागते, आणि म्हणून माझं मत विचारलं जातंय. एरवी बत्तीस वर्षं पगारावर जगलेल्या बाईला शेतीतलं कोण विचारतो!

मत आधीच सांगून टाकते. विक्रीवर मी सही करणार नाही. भाच्याने यावं. पण तो ज्या कारणांसाठी येतोय म्हणतो त्यातली निम्मी मला पटत नाहीत, आणि तो जी शेती करणार म्हणतो ती तर मुळीच पटत नाही.

पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची सारखीच होती. मावशीने फोनवर विचारलं, "नोकरी सोडीसन वावर कसाले? काय ठेयेल शे वावरमा?" आणि श्वासही न घेता पुढचा प्रश्न, "पोरगी कोन दी?" हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याच गावात पस्तिशीला टेकलेली, निर्व्यसनी, स्वतःची जमीन असलेली मुलं बिनलग्नाची आहेत. शेतकरी आईबापच मुलीसाठी 'शेतकरी सोडून कुणीही' म्हणतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. का ठेवत नाही ते पुढे येईलच.

सुरत म्हणजे आम्हा खान्देशी लोकांना परगाव नाहीच मुळी. उधना, लिंबायत, डिंडोली भागात नुसत्या अहिराणीवर आयुष्य काढता येतं. भुसावळहून सुटणारी गाडी जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत, वाटेतली माणसं उचलत सुरतेला जाते, आणि हे शंभर वर्षांच्या वर चालू आहे. आमच्या पांझरेचं पाणी मुडावदजवळ तापीत जातं, तापीचं उकाईत, उकाईचं सुरतेत. माणसंही साधारण त्याच उताराने गेली. भाऊ १९८६ मध्ये गेला, मागावर लागला. मीटरवर पैसे. मागाच्या आवाजाने आता त्याला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून तो फोनवर ओरडून बोलतो आणि लोकांना वाटतं चिडलाय.

या चाळीस वर्षांत तो तीनदा गावी परत आला. पहिल्यांदा १९९४ च्या सप्टेंबरात, प्लेगच्या वेळी. सुरत अक्षरशः रिकामी होत होती, लाखो लोक निघाले होते. भाऊ, वहिनी आणि कडेवरची भाची, तोंडाला ओले रुमाल बांधून, खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेऊन गावात उतरले. गावाने त्यांना आठ दिवस मळ्यातल्या खोलीत ठेवलं, डबा बांधावर ठेवून लोक मागे फिरायचे. दुसऱ्यांदा ऑगस्ट २००६. उकाईतून पाणी सोडलं आणि जवळजवळ सगळं शहर पाण्याखाली गेलं. घर वाचलं, पण काम करायचा त्या कारखान्यात मागांवर गाळ बसला. तिसऱ्यांदा २०२० चं लॉकडाऊन. त्या वेळी भाचा पुढे चालत निघाला होता, चौघं मित्र, थोडं चालत, थोडं ट्रकमध्ये, नवापूरची हद्द ओलांडून. भाऊ आणि वहिनी मागून आले. या खेपेला गावाने चौदा दिवस शाळेत ठेवलं. छब्बीस वर्षांत बांधावरून शाळेपर्यंत प्रगती झाली म्हणायची.

तिन्ही वेळा सगळे म्हणाले, आता पुरे झाली सुरत, आता इथेच राहायचं. तिन्ही वेळा सगळे परत गेले. लोक म्हणतात शहराची चटक लागते. मला ते खरं वाटत नाही. माझ्या भावाला सुरतेत चटक लागावी असं होतं तरी काय? एक खोली, सामायिक संडास आणि बारा तासांची पाळी. तो परत गेला कारण जानेवारी उजाडला. खरीप निघालेलं, विहीर तळाला गेलेली, आणि जानेवारी ते जून गावात करायला काही नाही. गावात राहायला जागा होती, दोन वेळची भाकरीही होती, काम नव्हतं. आणि काम नव्हतं कारण पाणी नव्हतं. धुळे जिल्हा पर्जन्यछायेतला. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला बरा पाऊस होतो आणि आमच्या गावापर्यंत येता येता त्याचे ढग नुसते दाखवायला उरतात.

माझं सगळं म्हणणं या जानेवारीपाशी आहे. शहर सोडायला धाडस लागतं वगैरे ठीक आहे, पण तिन्ही वेळा शहर तर लोकांनी एका रात्रीत सोडलं होतं. खरा प्रश्न पहिल्या जानेवारीचा आहे.

भाच्याची बाजूही सांगायला हवी. तो एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे. बारा तास उभं राहायचं, धागा तुटला की बसवायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. अठरा हजार हातात पडतात. मशीनवर मालक, खोलीत मालक आणि झोपेवर पाळी. "फुई, मी सात वर्षांत किती मीटर कपड्यावर फुलं काढली असतील, पण एक झाड लावलं नाही," असं तो मला म्हणाला. (हे वाक्य त्याने कुठूनतरी वाचून ठेवलं असावं असा मला संशय आहे. असो.) लॉकडाऊनमध्ये तो सात महिने गावी राहिला, आप्पांच्या हाताखाली बाजरी केली, कांद्याचं रोप टाकलं, म्हशीची धार काढायला शिकला. त्या वर्षी पाऊसही छान होता. बऱ्या पावसाच्या वर्षी शेती शिकलेला माणूस आणि हळदीच्या दिवशी नवरी पाहिलेला माणूस, दोघांचा अंदाज साधारण एकाच पद्धतीने चुकतो.

त्यात पेपरवाले तेल ओततात. दर आठवड्याला एक फोटो असतो. अमक्याने एवढ्या लाखांचं पॅकेज सोडलं आणि ड्रॅगन फ्रूट लावलं. फोटोत माणूस इस्त्रीच्या शर्टात फळ हातात धरून उभा. विहीर कुणाच्या पैशाने खणली, बायकोची नोकरी चालू आहे का, वडिलांची पेन्शन किती, हे त्या बातमीत कधीच नसतं. मी पॅकेजवाल्यांच्या विरोधात नाही, त्यांनी जरूर यावं. पण भाच्याकडे शिल्लक आहे एक लाख ऐंशी हजार. त्याने त्या बातम्या वाचून हिशेब करू नये.

अमेरिकेतल्या हेलन आणि स्कॉट निअरिंग या जोडप्याचं उदाहरण या विषयावर नेहमी दिलं जातं. १९३२ मध्ये, महामंदीच्या काळात, ते न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगरात गेले, दगडाचं घर बांधलं, स्वतःचं अन्न पिकवलं. दिवसाचे चार तास भाकरीसाठी काम, बाकीचा वेळ आपला, अशी त्यांची वाटणी होती. ऐकायला सुरेख. पण त्यांच्याकडे मेपलची झाडं होती, आणि त्यांचा पाक, साखर विकून त्यांना रोकड मिळायची, हे सांगायचं लोक विसरतात. भाकरी शेतात उगवते, लाइटबिल उगवत नाही. शाळेची फी, दवाखाना, मोबाईलचा रिचार्ज यांना रोकडच लागते, मग ते व्हरमाँट असो की साक्री.

आणि आमच्याकडे रोकड देणाऱ्या पिकांची गत बघा. कापूस म्हणाल तर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. बीटीचं बी घेतलं, मग अळी कशी, असं म्हणत लोक उभी पऱ्हाटी उपटत होते. कांदा म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. आप्पांचा कांदा चाळीत, भाव मातीत. कुणाचं काय चुकलं होतं? पीक चांगलं आलं होतं, एवढंच. भाच्याला वाटतं गावी त्याच्यावर मालक नसेल. सुरतेतला मालक निदान समोर दिसतो तरी, त्याच्याशी भांडता येतं. कांद्याचा मालक दिल्लीत बसतो आणि त्याला आपलं नावही माहीत नसतं.

मग रात्रीची लाइट. मोटरीला लाइट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणजे रातपाळी इथेही आहेच, फक्त इथे पायाखाली साप असतो. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने एकापाठोपाठ माणसं मारली, तेव्हा तिकडचे लोक पाणी भरायला जायलाही घाबरत होते. रानडुकरांचं तर विचारूच नका.

आता पोरगी कोण देणार हा प्रश्न. माझी आई निंदणीच्या दिवसांत पहाटे चारला उठायची. भाकरी, धुणं, गुरांचं शेण, मग वावर, मग संध्याकाळी परत चूल. बाबा पारावर बसलेले मी पाहिलेत, आई पारावर बसलेली कधी पाहिली नाही, बायका तिथे बसतच नसत. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागवड, कांदा काटणी, ही सगळी बायकांची कामं, आणि ती सगळी कंबर वाकवून करायची. नांगर, वखर गेले, ट्रॅक्टर आला, बाप्यांचं काम यंत्राने हलकं झालं. निंदणी मात्र अजून बाईच्याच हाताने होते. शेतकऱ्याच्या घरात मुलगी देत नाहीत ते पैशाकडे बघून नाही, असं मला वाटतं. मुलीच्या आईने ते सगळं केलेलं असतं, म्हणून देत नाहीत. 'निसर्गाच्या सान्निध्यात' वगैरे लिहिणारे बहुतेक पुरुष का असतात, याचा एकदा विचार करावा.

इतकं सगळं विरोधात सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग विकू का देत नाहीस? सांगते.

भाच्याचा बेत असा: तीन-चार लाखांचं कर्ज काढायचं, बोअर मारायचा, ठिबक टाकायचं आणि तीन एकर डाळिंब लावायचं. म्हणजे सुरतेतली मशीन सोडून गावात दुसरी मशीन आणायची आणि तिचा हप्ता भरायचा. डाळिंबावर तेल्या आला की काय होतं ते साक्री, सटाणा, मालेगाव पट्ट्यात कुणालाही विचारा. मी त्याला म्हटलं, तू शेती करायला येतोयस ना? मग आधी खायचं पिकव.

हे मी भाबडेपणाने म्हणत नाही, माझा हिशेब आहे. आमच्या जळगावच्या घरात चार माणसं. वर्षाला गहू तीन क्विंटल, ज्वारी-बाजरी मिळून दोन क्विंटल, तूरडाळ पंचवीस किलो, शिवाय शेंगदाणे, मिरची, उडीद. दादर मी अमळनेर-चोपड्याकडची घेते आणि किलोला पन्नासच्या वर मोजते. गहू दुकानातून. आता आप्पा, भाऊ, मी, पुण्याची दोन घरं, नाशिकची मावसबहीण आणि धुळ्याचे मामा अशी सात घरं धरा. पस्तीस क्विंटल धान्य आणि पावणेदोन क्विंटल डाळ. आपण सगळे मिळून यासाठी वर्षाला दीड लाखाच्या आसपास बाहेर मोजतोय, आणि ज्या वावरातून हे सगळं सहज निघू शकतं ते विकायला निघालोय! खरिपात दीड-दोन एकर बाजरी, तिच्यात तुरीचे तास, थोडा भुईमूग. रब्बीत नदीकडच्या दीड एकरात आणि त्याला लागून पाणी पोचेल तेवढ्यात गहू. उरलेल्या जमिनीत कांदा कर की अजून काही, ते तुझं नशीब. पण हे जे सात घरांचं आहे त्याला मार्केट नको, अडत नको, दिल्ली नको.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या घरांनी, त्यातही बायकांनी, शेतकऱ्यांशी थेट असं ठरवून घेतलं. औषधांनी माखलेलं अन्न नको म्हणून सुरू झालं. तेइकेई म्हणतात त्याला. घरं आधीच ठरवतात की तुझं जे पिकेल ते आम्ही घेऊ, कमी आलं तर कमी खाऊ. आमच्याकडे याला नाव नव्हतं एवढंच. पूर्वी जळगावला, धुळ्याला शिकायला राहिलेल्या प्रत्येक पोराकडे गावाहून एसटीच्या टपावर पोतं यायचंच की. फक्त त्याचे पैसे कुणी द्यायचं नाही. माझं म्हणणं, आता द्यायचे. दुकानात देतो त्याच भावाने, आणि अर्धे पेरणीच्या आधी. 'घरचंच आहे' म्हणत फुकट पोती उचलून शेतकरी भावाला आपण सगळ्यांनी मिळून खड्ड्यात घालतो, आणि वर 'शेतीत काही राहिलं नाही' असं आपणच म्हणतो.

यातून भाचा श्रीमंत होणार नाही. खर्च वजा जाता हातात फार उरणारही नाही. पण पहिली दोन वर्षं कर्जाशिवाय निघतील, आणि कर्ज नसलेला माणूस जानेवारीत पळून जात नाही. निदान लगेच तरी नाही.

राहिलं पाणी. बोअरला माझा सक्त विरोध आहे, आणि यावरून भाच्याचं आणि माझं दोनदा वाजलं. तो म्हणतो शेजाऱ्याने मारला, त्याला लागलं. अरे पण शेजाऱ्याला लागलं ते तुझंच! जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरला केळीचं सोनं पिकतं, एकरात सतराशे झाडं बसतात, सगळं खरं. पण बोअर दरवर्षी खाली खाली जातात आणि आता तापीच्या पुराचं पाणी जमिनीत मुरवायच्या महाप्रकल्पासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशला करार करावा लागला. दोन राज्यांनी मिळून मुरवायचं ते पाणी एकेकट्या शेतकऱ्यांनी आपापल्या भोकातून उपसलेलं आहे.

आणि हे आपल्याला कळत नव्हतं असंही नाही. आमचं नदीकडचं दीड एकर आहे ते 'फडातलं' आहे. नव्या पोरांना हा शब्द फक्त तमाशाचा वाटतो. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे होते, त्यातून पाट निघायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस, त्यात गहू, पुढच्या वर्षी बदल. आणि प्रत्येक शेतकऱ्याची एकेक पट्टी प्रत्येक फडात. यातली गंमत बघा. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा सारखा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा पगार धान्यात. आपल्या पट्टीला स्वतः दारं धरायला जायचंच नाही, पाटकरी वरून खाली क्रमाने सगळ्यांना देणार. आजोबा सांगायचे, पाटकऱ्यापुढे पाटलाचंही चालत नसे. पुढे वर धरण झालं, विहिरींवर मोटरी बसल्या, ज्याला त्याला आपापलं पाणी मिळालं, आणि फड मोडत गेले. मोटरीने माणूस स्वतंत्र झाला आणि एकटा पडला, असं मला वाटतं. मग एकट्याची विहीर आटली की एकटाच सुरतेला.

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. मग आमच्याच तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून, कोकणा आदिवासींचं छोटं गाव. १९९० च्या सुमाराला तिथलं जंगल तुटून उजाड झालं होतं, पाणी नव्हतं, माणसं पोटासाठी बाहेर जायची. चैत्राम पवार हा एम. कॉम. झालेला मुलगा, शिकून नोकरीला जायचा तो गावात राहिला. गावाने मिळून जंगल तोडायचं नाही असं ठरवलं, मोडणाऱ्याला दंड ठरवला, बांध घातले. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल परत उभं राहिलं. विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकायला लागलं, चारसूत्रीने भात व्हायला लागला, आणि बाहेर जाणं थांबलं. आता तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा असते, बायका रानातल्या भाज्या रांधून मांडतात. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते, निम्म्या भाज्यांची नावं मला माहीत नव्हती, आणि मी स्वतःला खान्देशी म्हणवते! २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की तिथे कुणी एकट्याने बोअर मारून शेती वाचवली नाही. आधी गावाने पाणी थांबवलं, मग माणूस थांबला.

आमच्या गावाला बारीपाड्याइतकं जंगल नाही आणि तितकी एकीही नाही, हे मला मान्य आहे. पण नाल्यावरचे दोन जुने बंधारे गाळाने भरलेत. फडाच्या पाटाची वरची दीडेक किलोमीटर लांबी अजून दिसते, त्यात लोकांनी उकिरडे केलेत. तो गाळ काढायचा तर भाच्याला गावातल्या चाळीस खातेदारांशी बोलावं लागेल, त्यातल्या चौघांशी आमचं बांधावरून भांडण आहे. ते बोलणं डाळिंबाच्या लागवडीपेक्षा अवघड आहे. मी त्याला हेच म्हटलं, तुझा पहिला वर्षभराचा खरा धंदा हा, बाजरी आप्पा सांगतील तशी होईल. तो गप्प बसला. नंतर म्हणाला, "फुई, ती चार घरं तुम्ही बघा, बाकीची छत्तीस मी बघतो." म्हणजे पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

तेव्हा माझ्या अटी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी 'असं म्हणाली नव्हती' म्हणायला नको. तीन वर्षं वावर भाच्याने कसावं, माझ्या वाट्याचं मला काही नको, धान्याचे पैसे मी वेगळे देईन. तीन वर्षं विक्रीचं नाव काढायचं नाही. नवा बोअर नाही. कर्ज काढायचं तर तिघांना विचारून. निंदणीला मजूर लावायचे आणि त्यांना वेळेवर पैसे द्यायचे. आप्पांच्या घरातल्या वहिनींच्या कंबरेवर ही शेती उभी राहणार असेल तर मी आजच विक्रीवर सही करते. आणि उद्या त्याचं लग्न ठरलं, मुलीने आधीच विचारलं की मला वावरात जावं लागेल का, तर त्याचं खरं उत्तर त्याने आधी द्यावं, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावायची तयारी ठेवावी. भावाला सांगणं एवढंच की, मुलगा हरून परत आला असं उधन्यात कुणाला सांगू नकोस. आणि सुरतेची खोली लगेच सोडूही नकोस. तीन वर्षांत नाहीच जमलं तर तेव्हा दलालांना चहाला बोलवू.

आखाजीला सगळे गावी जमणार आहोतच. सालदाराचं सालही त्या दिवसापासून धरायची आपल्याकडची रीत, तेव्हा भाच्याचंही त्याच दिवशी ठरवू. तोवर सातही घरांनी आपापल्या स्वयंपाकघरात बघून गहू किती, बाजरी किती, तूर किती, असं नीट मोजून मला कळवायचं आहे. अंदाजे नको. धुळ्याच्या मामांनी बाजरी चालत नाही, गुडघे दुखतात असं आत्ताच कळवलंय, त्यांची मी गव्हात धरली आहे.